वाफेचं इंजिन: गाडीत बसायचं की गाडीच्या मागे जायचं? (बाबांना घेऊन जायचंय)

मिरजेची लेक

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितेय, समजून घ्या. माझे बाबा आता ७६ वर्षांचे आहेत. मिरजेच्या इंजिनांच्या शेडला क्लीनर म्हणून लागले, मग फायरमन, म्हणजे आगीत कोळसा घालणारे झाले, मीटरगेजच्या (एक मीटर रुंदीच्या रुळांच्या) वायपी आणि वायजी इंजिनांवर त्यांची उमेदीची सगळी वर्षं गेली. पुढे वाफ गेली, डिझेल आलं, ते डिझेलवर असिस्टंट झाले आणि तिथूनच रिटायर झाले, पण घरात गोष्टी निघतात त्या वाफेच्याच. डिझेलबद्दल त्यांना मी कधी दोन वाक्यांच्या वर बोलताना ऐकलं नाही.

गेल्या महिन्यात मी त्यांना मोबाईलवर वाफेच्या गाडीचा एक व्हिडिओ लावून दिला, तर त्यावर कुणीतरी गाणं टाकलेलं. बाबा म्हणाले, "गाणं बंद कर, मला बीट ऐकू दे." बीट म्हणजे इंजिनाच्या भक-भक आवाजाचा ताल. गाणं बंद केलं तर आवाज सगळाच गेला. त्यांनी काही न बोलता फोन परत दिला. तेव्हाच ठरवलं की ह्यांना एकदा खरं चालतं इंजिन दाखवायचंच, म्हणजे म्युझियममध्ये रंगवून ठेवलेलं नको, आग पेटलेलं, गाडी ओढणारं हवं.

आता प्रश्न. दार्जिलिंग, निलगिरी आणि रेवाडी अशी तीन नावं सगळीकडे दिसतायत. आमच्याकडे चार-पाच दिवस आहेत, नोव्हेंबरच्या शेवटी जायचा विचार आहे. गुडघे दुखतात त्यांचे पण सावकाश चालतात. कुठे जावं? आणि दुसरं म्हणजे काही लोक लिहितात की गाडीत बसून इंजिन दिसतच नाही, खरी मजा गाडी करून रस्त्याने पाठलाग करण्यात आहे. ह्यात कितपत तथ्य आहे? पाठलाग म्हटलं की मला भीती वाटते हो, घाटरस्ता आणि म्हातारा माणूस.

घाटवेडा

ताई, दार्जिलिंग. डोळे मिटून दार्जिलिंग.

कारण सांगतो. बाकी ठिकाणी रूळ एकीकडे जातात आणि रस्ता दुसरीकडे, मग गाडी पुन्हा गाठायची म्हणजे फाटकं, गल्ल्या, शेतातले रस्ते शोधत बसायचं. दार्जिलिंगची लाईन १८८१ मध्ये झाली ती आधीच असलेल्या हिल कार्ट रोडच्या कडेकडेनेच टाकलेली, त्यामुळे रूळ आणि रस्ता एकमेकांना सोडतच नाहीत, सारखे एकमेकांना ओलांडत वर जातात. दोन फुटी गेज आहे, म्हणजे तुमच्या बाबांच्या मीटरगेजहून बरंच अरुंद. बी क्लासची छोटी इंजिनं, मूळ डिझाईन १८८९ चं, चारच चाकं आणि चारही चाकं ओढणारी, पाण्याची टाकी बॉयलरवर खोगिरासारखी बसवलेली, म्हणजे सगळं वजन ओढणाऱ्या चाकांवरच पडतं आणि चढावर पकड मिळते. रूळ ओले असले की पुढे बफरवर माणसं बसून हाताने वाळू टाकायची, मी स्वतः पाहिलंय.

जॉयराईड दार्जिलिंग ते घूम आणि परत अशी असते, साधारण दोन तासांची. आता ही गोष्ट नीट लक्षात घ्या, घूम २२५८ मीटरवर आहे, दार्जिलिंग स्टेशन त्याच्या खाली. म्हणजे जाताना चढ आणि येताना उतार. इंजिनाचा जो आवाज बाबांना ऐकायचाय तो फक्त जाताना येणार, परतीला इंजिन जवळजवळ नुसतंच घरंगळत येतं, ब्रेकचा आवाज जास्त. म्हणून जाताना जो डबा इंजिनाला लागून आहे त्यात जागा बघा. घूमला इंजिन सुटून दुसऱ्या टोकाला लागतं, तेव्हा परतीला तुमचा डबा इंजिनापासून लांब जाईल, जाऊ द्या, त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

आणि बुकिंग करताना डोळे उघडे ठेवा, कारण जॉयराईड वाफेच्याही आहेत आणि डिझेलच्याही. घाईत डिझेलचं तिकीट काढून वर जाऊन कपाळाला हात लावलेली माणसं मी पाहिलीयत.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर असं की एक दिवस बसा, एक दिवस बाहेर राहा. दोन्ही एकाच दिवशी कोंबू नका. आत बसलात की अंगाला हिसका कळतो, शिट्टी डोक्यावर वाजते, कोळशाचे कण केसात येतात, पण इंजिन दिसतं ते फक्त तीव्र वळणावर, तेही अर्धा मिनिट. बाहेर उभं राहिलात की सगळं दिसतं पण आपण तिथे नसतो, गाडी निघून जाते. मला विचाराल तर दोन्हींशिवाय पुरतं होत नाही.

रॅकवाला

घाटवेडा यांच्याबद्दल आदर आहेच पण दोन तासांची जॉयराईड ही शेवटी टुरिस्टांना फिरवून आणणं आहे. फायरमन माणसाला इंजिनाला घाम फुटलेला बघायचा असेल तर निलगिरी.

मेट्टुपालयम ते उदगमंडलम ४६ किलोमीटर, त्यातला कल्लार ते कुन्नूर हा भाग दात्यांचा, म्हणजे मधोमध दातेरी पट्टी आणि इंजिनाखाली तिच्यात अडकणारं दातेरी चाक. चढ साडेबाराला एक, म्हणजे साडेबारा फूट पुढे गेलं की एक फूट वर, भारतात एवढा चढ दुसऱ्या कुठल्या लाईनवर नाही. आणि गेज मीटरच, ताई, तुमच्या बाबांचं स्वतःचं गेज! एक्स क्लासची इंजिनं, मूळची स्वित्झर्लंडच्या विंटरथूरची, नंतर काही नवीन आपल्याच त्रिचीच्या गोल्डन रॉक वर्कशॉपने बांधली. प्रत्येक बाजूला एकावर एक असे दोन सिलेंडर. खालचा वाफ आधी घेतो आणि नेहमीची चाकं फिरवतो, तीच वाफ मग वरच्या सिलेंडरमध्ये जाते आणि दातेरी चाक फिरवते. म्हणून बाजूला उभं राहून बघितलं तर वरचे दांडे आणि खालचे दांडे वेगवेगळ्या तालात चाललेले दिसतात. मला पहिल्यांदा बघितलं तेव्हा वाटलं काहीतरी बिघडलंय. बाबांना विचारा त्यांनी कधी असं काही पाहिलंय का, नसेल पाहिलं.

सकाळी लवकर सुटते, कुन्नूरला पोचेपर्यंत तीन तासांच्या वर लागतात, मध्ये पाण्यासाठी थांबते तेव्हा सगळे उतरून इंजिनापाशी जातात. एक खास सूचना, इंजिन मागून ढकलतं. पुढचा फर्स्ट क्लासचा डबा नजाऱ्यासाठी एकदम भारी पण आवाज हवा असेल तर सगळ्यात मागचा डबा, इंजिनाला लागून असलेला. आणि वाफ फक्त कुन्नूरपर्यंत, तिथून वर डिझेल लागतं, त्यामुळे कुन्नूरलाच उतरलात तरी चालेल.

पण एक प्रामाणिकपणे सांगतो. पाठलागाला ही लाईन चांगली नाही. रस्ता वेगळ्या अंगाने जातो, गाडी जंगलातून आणि बोगद्यांतून, त्यामुळे कल्लारच्या पुढे तुम्ही रस्त्यावरून जास्त करून धूरच बघणार. शिवाय नोव्हेंबरच्या शेवटी तिथे परतीचा पाऊस असतो आणि दरड पडली की गाडी दिवसेंदिवस बंद. माझी एक ट्रिप अशीच गेलीय, मेट्टुपालयमला पोचल्यावर कळलं. तुम्हाला नोव्हेंबरच हवा असेल तर मग दार्जिलिंगला माझी ना नाही. निलगिरी पुढच्या वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये करा.

शेडबाहेर

रेवाडीबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितोय.

रेवाडीची शेड १८९३ ची. तिथे ब्रॉडगेजची, म्हणजे रुंद रुळांची मोठी इंजिनं चालत्या अवस्थेत ठेवलीयत, त्यातलं डब्ल्यूपी ७१६१ अकबर हे १९६५ मध्ये चित्तरंजनला बांधलेलं आणि डब्ल्यूपी ७२०० आझाद हे १९४७ चं, अमेरिकेतल्या बाल्डविनचं. फेअरी क्वीनचं घरही तिथेच, ती तर १८५५ ची, १९९७ मध्ये दुरुस्त करून दिल्ली-अलवर अशी तिची टुरिस्ट गाडी सुरू केलेली. मीटरगेजचं वायजी पण आहे, रेवाडी किंग नावाचं, ते पाहून तुमचे बाबा तिथेच बसकण मारतील. डब्ल्यूपीचं ओढणारं चाक ६७ इंच व्यासाचं, म्हणजे शेजारी उभं राहिलं की आपल्या उंचीचं चाक. ते इंजिन सपाट मैदानात वेग घेतं तेव्हा जे होतं ते घाटातल्या छोट्या गाडीत होत नाही, हे दोघांनाही मान्य व्हावं.

अडचण एवढीच की ह्या गाड्या रोज धावत नाहीत, अधूनमधून निघतात, त्यामुळे चार दिवस हातात घेऊन जाणाऱ्याने तिच्या भरवशावर बेत आखू नये. शेड बघायला मात्र जरूर जा कधीतरी.

पाठलागाबद्दल मला बोलायचंय, कारण मी बरीच वर्षं केलाय आणि एकदा फार वाईट अनुभव घेतलाय. दिल्ली-रेवाडी अशी वाफेची गाडी निघाली होती, आम्ही दोन मोटारी, पुढच्या मोटारीतला मुलगा इंजिनाच्या बरोबरीने राहायचं म्हणून गाडी चालवता चालवता खिडकीतून फोन बाहेर काढून शूटिंग करायला लागला. समोरून ट्रॅक्टर. वाचला, पण मोटार शेतात गेली आणि शेजारी बसलेल्याचा हात मोडला. त्या दिवसापासून माझा एकच नियम आहे, जो गाडी चालवतो तो इंजिनाकडे बघत नाही. बघायचं असेल तर थांबायचं. पुढे जाऊन, गाडी रस्त्याच्या कडेला नीट लावून, उतरून, वाट बघत उभं राहायचं. दोन जागा आधीच ठरवून ठेवा, तिसरी मिळाली तर मिळाली.

रुळांवर उभं राहून फोटो काढणं हा रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, हे माहीत असूनही लोक करतात. आणि ब्रॉडगेजवर आता वर सगळीकडे २५,००० व्होल्टची तार आहे, इंजिनाच्या टेंडरवर (मागच्या कोळसा-पाण्याच्या डब्यावर) चढून फोटो काढायचा मोह कुणालाही झाला तर खाली ओढा त्याला.

हे सगळं सोडून फक्त चांगलं सांगायचं तर असं की, उभं राहून वाट बघण्यात जी वीस मिनिटं जातात ना, त्यात आधी शिट्टी लांबून येते, मग बराच वेळ काहीच नाही, मग झाडांवर धूर दिसतो, आणि आवाज त्याच्याही नंतर. ती वीस मिनिटं मी गाडीतल्या दोन तासांशी बदलणार नाही.

मिरजेची लेक

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, बाबांना वाचून दाखवलं. दोन सिलेंडरवालं इंजिन ऐकून ते उठून बसले, म्हणाले "कंपाउंड असणार, तीच वाफ दोनदा वापरणारं, आमच्याकडे नव्हतं कधी". पण दरडीचं ऐकून दार्जिलिंगच ठरवतेय.

आता दोन शंका. त्यांना थोडा दम्याचा त्रास आहे, धूर झेपेल का? आणि इंजिनाच्या किती जवळ जाऊ देतात? त्यांची फार इच्छा आहे एकदा फायरबॉक्समध्ये बघायची, पण कुणाकडे काही मागायचा त्यांचा स्वभाव नाही.

पहाटेची शिफ्ट

ताई, मी माझ्या सासऱ्यांना घेऊन गेले होते म्हणून अनुभवाने सांगते. धुरापेक्षा उंची आणि थंडी जास्त त्रास देते, एवढ्या उंचीवर पहिल्या दिवशी नुसतं चाललं तरी दम लागतो. डॉक्टरांना आधी विचाराच आणि पहिला दिवस काहीही ठेवू नका. गाडीत इंजिनाजवळच्या डब्यात धूर येतोच, खिडकी बंद केली तरी थोडा येतो, मास्क आणि साधा चष्मा ठेवा कारण कण डोळ्यात गेला की सगळा मूड जातो.

पण मला तुम्हाला वेगळंच सांगायचंय. जॉयराईड आणि पाठलाग ह्या दोन्हीच्या आधी एक गोष्ट करा, सकाळी लवकर शेडपाशी जा. दार्जिलिंगची शेड रस्त्याला लागूनच आहे, रस्त्यावरून सगळं दिसतं, आत जायची पण गरज नाही. आग पेटवून वाफ धरायला कित्येक तास लागतात ते तुमच्या बाबांना मी सांगायला नको. राख काढताना, तेल घालताना, दांड्यांवरून चिंधी फिरवताना बघायला मिळतं. नंतर इंजिन पहिल्यांदा हलतं तेव्हा सिलेंडरखालच्या तोट्या उघड्या ठेवतात, रात्रभरात आत साठलेलं पाणी निघून जावं म्हणून, आणि दोन्ही बाजूंनी पांढऱ्या वाफेचे झोत जमिनीलगत सुटतात, थंडीत तर इंजिन दिसेनासंच होतं. सासऱ्यांना गुडघ्यांमुळे पाठलाग जमला नाही पण ह्या एका तासावर ते खूश होते.

फायरबॉक्सचं म्हणाल तर फूटप्लेटवर, म्हणजे ड्रायव्हर-फायरमन उभे राहतात तिथे, चढायचा हट्ट धरू नका, पण ते स्वतः फायरमन होते एवढं तुम्ही क्रूला सांगा. त्यांनी मागायला नको, तुम्ही सांगा. बाकी काही करावं लागणार नाही.

घाटवेडा

पहाटेची शिफ्ट यांना पूर्ण अनुमोदन. बाहेर राहायच्या दिवशी ताई बतासियाला जाऊन बसा, घूमच्या अलीकडे. तिथे रूळ गोल वळसा घेऊन स्वतःच्याच वरून जातात, म्हणजे एका बाकावर बसून गाडी एका बाजूने येताना, मग समोरून, मग वरच्या बाजूने अशी दिसते. गुडघ्यांना ह्याहून सोयीचा पाठलाग भारतात दुसरा नाही. मोटारीने मागे लागायच्या भानगडीत पडू नका, तिथल्या रस्त्याला इतकी गर्दी असते की गाडी पुढे निघून जाते आणि आपण जीपच्या मागे अडकतो.

मिरजेची लेक

मंडळी, परवा परत आलो. डिसेंबर उजाडला शेवटी, बाबांना मध्ये सर्दी झाली म्हणून पुढे ढकललं होतं. सांगितल्याशिवाय राहवत नाहीये.

पहिला दिवस आराम. दुसऱ्या दिवशी जॉयराईड, इंजिनाला लागून असलेला डबा मिळाला. मी बाबांकडे बघत होते, ते खिडकीबाहेर बघतच नव्हते, डोळे मिटून बसले होते. मला वाटलं झोप लागली, तर मध्येच म्हणाले "आता पाणी घेतोय" आणि मग मला पण तो बॉयलरमध्ये पाणी ढकलणाऱ्या इंजेक्टरचा सूं सूं आवाज वेगळा ऐकू आला, एरवी मला कधी कळला नसता. एका चढावर आवाज एकदम भरभर झाला, बाबा ताठ झाले, "घसरली", आणि लगेच "धरली". चाकं घसरली होती म्हणे. डब्यातल्या बाकी कुणाला कळलंसुद्धा नाही.

तिसऱ्या दिवशी बतासियाला गेलो तर दाट धुकं, गाडी दहा फुटांवर येईपर्यंत दिसलीच नाही, फोटो एकही धड आला नाही. मला रडू यायचं बाकी होतं. बाबा म्हणाले ऐकू येत होती की. आणि खरंच, शेडबाहेर यांनी लिहिलंय तसंच झालं, शिट्टी, मग काहीच नाही, मग धुक्यात कुठून येतेय ते कळत नाही असा आवाज, एकदा डावीकडून आणि मग मागून. चौथ्या दिवशी तिथेच पुन्हा गेलो आणि लख्ख ऊन, मागे कांचनजंगा. धूर बघून बाबा सांगत होते की आत काय चाललंय, काळा आला की "कोळसा एकदम जास्त टाकला, हवा पुरत नाही", पातळ राखाडी झाला की "आता बरोबर". मी त्यांच्याबरोबर एवढी वर्षं राहून मला हे माहीत नव्हतं.

शेवटच्या दिवशी सकाळी शेडपाशी. थंडी एवढी की बोटं वाकत नव्हती. पहाटेची शिफ्ट, तुमचं ऐकून मी तिथल्या एकाला हिंदीत सांगितलं की हे मीटरगेजला फायरमन होते. त्याने बाबांकडे नीट बघितलं आणि विचारलं, कौन सा इंजन? बाबा म्हणाले वायपी. त्याने हातातली चिंधी बाबांपुढे धरली. बाबांनी कनेक्टिंग रॉडवरून ती चिंधी फिरवली, एका बाजूचा पूर्ण दांडा, सावकाश, खालून वर, मग वाकून मागची बाजूही. गुडघे दुखतायत हे मी म्हटलं नाही. मग त्याने फायरबॉक्सचं दार उघडून दाखवलं, बाबा खालूनच बघत होते, तोंडावर उजेड आला त्यांच्या, म्हणाले डाव्या कोपऱ्यात आग पातळ आहे. त्या माणसाने वाकून बघितलं आणि डाव्या कोपऱ्यात दोन बेलचे टाकले.

ती चिंधी बाबांनी घरी आणलीय. तेलाचा वास जाऊ नये म्हणून डब्यात ठेवलीय, आईला धुवायला देत नाहीत.

रॅकवाला, फेब्रुवारीत निलगिरीचं बुकिंग किती आधी करावं लागतं तेवढं सांगा. मागचा डबा हवाय.